मिठाचा लिफाफा

डॉ. मृणाल देशकरांचा फोन आला तेव्हा ऋजुता ‘ज्वारी’ची नोंद संपवून ‘ज्वालामुखी’च्या मुद्रितांना हात घालत होती. नागपूरच्या त्या कोश-कार्यालयात दुपारी साडेतीनला चहा येई आणि त्याआधी कोणी फोन उचलत नसे. पण बेलझरीचा नंबर दिसला म्हणून तिने उचलला.

“ऋजू, बाबांनी तुझ्याकडे एक लिफाफा ठेवायला दिला असेल. खाकी, लाखेचं सील असलेला.”

“आहे, मृणालताई.”

“तो घेऊन सत्तावीस ऑक्टोबरला बेलझरीला यायचं. तूच यायचं, कुरिअर चालणार नाही. नियम तुझ्या बाबांनीच केलाय, मला शिव्या देऊ नकोस.”

“येते.”

“आणि सील नीट सांभाळ. प्रवासात लाख तडकते.”

ऋजुता “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते सील तिने जुलैतच भाजीच्या सुरीने उडवलं होतं.

तिचे वडील, विनायक पोहरकर, बेलझरीच्या भूमिगत प्रयोगशाळेत सदतीस वर्षं होते. आधी तंत्रज्ञ, मग नोंदी-विभागाचे प्रमुख आणि निवृत्तीनंतर नुसतेच ‘पोहरकर साहेब’, ज्यांना कोणी क्वार्टर रिकामं करा असं म्हटलं नाही. जुलैत, एका मंगळवारी सकाळी, चहाचं आधण गॅसवर असताना ते गेले. लिफाफा त्यांनी सहा वर्षांपूर्वी दिला होता. नागपूरला आले की चिन्नोर तांदळाची थैली आणायचे, तिच्याबरोबर.

“हे ठेव. मी सांगेपर्यंत उघडायचं नाही.”

“काय आहे?”

“मीठ,” ते म्हणाले होते आणि स्वतःशीच हसले होते. ऋजुताने तांदूळ डब्यात ओतला आणि लिफाफा कपाटात टाकला.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर तिला तो आठवला. सांगणारा माणूस आता सांगणार नव्हता. म्हणजे हे तिच्यासाठीच असणार, असं तिला वाटलं. आई गेली तेव्हाही बाबा फारसे बोलले नव्हते. बोलायचं राहिलेलं कुठेतरी लिहून ठेवायचा माणूस, असा तिचा त्यांच्याबद्दल समज होता. आत दोन रेघी कागद निघाले. त्यांवर बाबांच्या अक्षरात एकतीस ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, तास, मिनिट, सेकंद आणि पुढे एक दशांश अपूर्णांक. खाली सही. तिने कागद उलटून पाहिले, खिडकीतल्या उन्हात धरून पाहिले. तिच्यासाठी एक अक्षर नव्हतं. शेवटच्या चार ओळी तर पुढच्या तारखांच्या होत्या. त्यांतली एक एकोणीस ऑगस्टची, दुपारी चार वाजून बारा मिनिटांची.

एकोणीस ऑगस्टला चारच्या सुमाराला ती कार्यालयात घड्याळाकडे बघत बसली होती. चार वाजून बारा मिनिटं झाली, तेरा झाली. शेजारच्या टेबलावरच्या कांबळे बाईंनी विचारलं, “कोणी यायचंय का?” ती नाही म्हणाली.

*

तुमसरपासून बेलझरीला जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी धानाचा होता. कापणी सुरू झाली होती. बांधांवर भारे पडले होते आणि बसच्या उघड्या खिडक्यांतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. लहानपणी या रस्त्यावर मँगनीजचे ट्रक असायचे, त्यांच्या धुळीने पळसाची पानंही काळपट व्हायची. खाण बंद पडली, तिच्या सातशे मीटर खोल बोगद्यात शास्त्रज्ञ आले आणि पानं पुन्हा हिरवी झाली. आता रस्त्याच्या कडेला नवे फलक होते, चिखलदोहच्या अणुभट्टीचे. ‘आपल्या जिल्ह्याची वीज, आपल्या जिल्ह्यात. १ डिसेंबरपासून.’

टेकचंद रहांगडाले थांब्यावरच उभा होता. खाणीचा पिंजरा वरखाली करणारा हा माणूस ऋजुता तिसरीत असल्यापासून तिला ‘बेबी’ म्हणायचा. ती आता चव्वेचाळीस वर्षांची होती आणि तो सत्तरीतला.

“आली का बेबी? तब्येत काहून उतरली? नागपुरात जेवाले भेटत नाही का?”

“मिळतं की, काका.”

“दिसत तर नाही.” त्याने तिची पिशवी घेतली. “मॅडम खालीच आहेत. उद्याच्याची तयारी करून राहिले सारे. बाप्पा, लग्नघरावानी धावपळ. नवरी तेवढी तुह्या पिशवीत हाय म्हणते.”

ऋजुता हसली नाही. तो तिच्याकडे एकदा बघून पुढे चालू लागला.

पिंजऱ्याच्या तोंडाशी त्याने तिच्या हातात पितळी बिल्ला दिला. खाली किती माणसं आहेत ते बिल्ल्यांवरून कळायचं, ही खाणीची जुनी रीत प्रयोगशाळेनेही ठेवली होती. मग दार ओढलं आणि ते अंधारात उतरू लागले.

“तुहे बाबा सदतीस वर्सं उतरले ह्याच्यात,” टेकचंद म्हणाला. “म्या एकडाव इचारलं, साहेब, तेलाच्या टाक्यात बसून भुतं मोजता, एखादं भेटलं तर आमाले दाखवसान का? म्हणे, टेकचंद, ते भेटते अन् निघून जाते. आपल्याले फकस्त त्याचा पाय लागल्याचं कळते.”

ते बाबांचंच बोलणं होतं. न्यूट्रिनो, कशालाही न अडता आरपार जाणारे कण. लहानपणी वरणभात कालवताना त्यांनी तिचा अंगठा धरून नख दाखवलं होतं. “एवढ्या जागेतून सेकंदाला साडेसहा हजार कोटी जातात. सूर्याचे. रात्री खालून येतात, पृथ्वी ओलांडून, पलंगातून.” तिने विचारलं होतं, मग दुखत का नाही. “त्यांना आपण दिसतच नाही,” बाबा म्हणाले होते. आई म्हणाली होती, “पोरीला जेवू द्या.”

मग ते मोजत सुटायचे. सूर्याचे वेगळे. मरताना फुटणाऱ्या ताऱ्यांचे वेगळे. आकाशातून आलेल्या किरणांनी हवेवर आदळून केलेले वेगळे. जमिनीखालच्या युरेनियम-थोरियमचे वेगळे. माणसाच्या अंगातल्या पोटॅशियमचेसुद्धा. “तुझ्यातून रोज तीस-पस्तीस कोटी निघतात, ऋजू. तूही थोडीशी उगवतेसच.” आणि माणसाने केलेले ते अणुभट्ट्यांचे. त्यांना बाबा ‘शेजारी’ म्हणत. देशातली कुठली भट्टी कधी बंद होती याचा कागद दर महिन्याला येई आणि ते स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या तारखांना बारीक गोल करत. त्याच दिनदर्शिकेवर आई दूध न आल्याच्या फुल्या करायची. एकदा आईने गोल आणि फुल्या सगळे एकत्र मोजले आणि गवळ्याला दारात उभं करून पाच खाड्यांचा जाब विचारला. तो बिचारा शपथा घेत राहिला. ते पाच दिवस गुजरातेतल्या एका भट्टीचे होते. बाबा आतून हसत आले आणि गवळ्याला चहा पाजावा लागला.

वैनगंगेत अस्थी सोडताना तिला ते पोटॅशियम आठवलं होतं. राखेतही ते असतंच. नदीच्या पाण्यातूनही ते कण निघतच राहणार होते. बेलझरीच्या टाक्याला ते दिसले नसते. त्याला जरा जोरकस कणच दिसत, अंगातले फार मवाळ.

*

टाकं बोगद्याच्या टोकाला होतं. तीन हजार टन स्वच्छ तेल, त्याच्याभोवती डोळे लावून बसलेल्या हजारो नळ्या. अब्जावधी कणांमधला एखादाच तेलातल्या अणूवर आदळतो आणि तिथे तेल क्षणभर लुकलुकतं. त्याशेजारच्या खोलीत मृणालताई फळ्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी ऋजुताला जवळ घेतलं, नंतर चष्मा पुसला.

“बाबांनी तुला कधी सांगितलं का, आपण इथे नक्की काय शोधतोय ते?”

“पृथ्वीची ऊब, म्हणायचे.”

“तेच. पृथ्वी आतून गरम आहे. ती ऊब कुठली? थोडी जुनी, तिच्या जन्माच्या वेळची, साडेचारशे कोटी वर्षं हळूहळू निवत आलेली. आणि थोडी आजही तयार होणारी, खडकांतल्या किरणोत्सारातून. वरच्या कवचातली आपण मोजू शकतो, खडक हातात घेता येतात. पण खूप खोल, जिथे कोणी जाऊ शकत नाही, तिथे अजून काही पेटतंय की पृथ्वी आता नुसत्या जुन्या पुंजीवर चाललीय, ते फक्त तिथून निघालेले न्यूट्रिनोच सांगू शकतात. ते अगदी थोडे. सहा वर्षांत शंभराच्या आसपास.”

“आणि चिखलदोह?”

“अठरा किलोमीटर. ती भट्टी लागली की वर्षाला दीड हजार कण एकट्या तिचेच येतील. शहरात दिव्यांपायी तारे दिसेनासे होतात, तसं. आणि आता जिल्ह्याजिल्ह्यात भट्ट्या येतायत. मी विरोधात नाही, वीज लागतेच. पण अशी शांत जागा या देशात पुन्हा मिळणार नाही. ही सहा वर्षं पहिली आणि शेवटची.”

“मग लिफाफा कशाला?”

मृणालताई खुर्चीत बसल्या. “माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसतं. आमच्या पोरांनी सहा-सहा वर्षं याच्यावर घालवलीत, त्यांना ऊब सापडायलाच हवीय. म्हणून नोंदींमध्ये खोट्या लुकलुकी मिसळायच्या, खऱ्यासारख्या. किती आणि कुठल्या, ते विश्लेषण करणाऱ्या कोणालाही माहीत नसतं. त्याला आम्ही मीठ म्हणतो. बाबांनी ते एका सुट्या यंत्रावर चिठ्ठ्या टाकल्यासारखं काढलं, एका बंद पेटीत भरलं, यादी हाताने उतरवली आणि यंत्र पुसून टाकलं. संगणकात ठेवली असती तर कोणीतरी शोधलीच असती, मुलं फार हुशार आहेत. पेटी ठरल्या वेळी आपली टाक्यात मीठ टाकत राहिली. बाबा गेल्यावरसुद्धा.”

चार वाजून बारा मिनिटं. ऋजुताने हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले.

“यादी संघाबाहेरच्या माणसाकडे ठेवायची. आम्ही आमची सगळी गणितं संपवून कुलूपबंद करायची आणि मगच तो लिफाफा सर्वांसमोर फोडायचा. परवा आम्ही कुलूप लावलं. म्हणून आता आकडा बोलायला हरकत नाही.” त्यांनी फळ्याकडे बोट केलं. तिथे मोठ्या आकड्यांत १३९ लिहिलं होतं. “कवच, भट्ट्या, बाकी सगळं वजा करून एवढे जास्तीचे उरले. यात मीठ किती, ते तुझ्या पिशवीत. शंभर-सव्वाशे असेल तर खाली काही नाही, आम्ही मीठच मोजत बसलो होतो. वीस-तीस असेल तर...” त्या थांबल्या. “आज बघायचं नाही म्हटलं तरी बघावंसं वाटतं. नको. उद्याच.”

एकशे एकोणचाळीसमधून एकतीस. वजाबाकी ऋजुताच्या डोक्यात आपोआप झाली. एकशे आठ.

खाली पेटतंय. हे आत्ता जगात एकट्या तिला माहीत होतं. आणि ते ज्याला सांगावं असा एकच माणूस होता.

“सील फुटलेलं असलं तर?” तिने विचारलं. आवाज तिला स्वतःलाच फार सहज वाटला.

“तर गणित बरोबर असूनही ते आंधळं, म्हणजे यादी न बघता केलेलं, राहिलं नाही. आकडा आमच्यापर्यंत आधी पोचला नव्हता, हे आम्ही सिद्ध करू शकणार नाही. शोध म्हणून कोणी घेणार नाही. आणि दुसऱ्यांदा करायला वेळ नाही.” मृणालताई उठल्या. “तू जा, आराम कर. क्वार्टरची किल्ली टेकचंदकडे आहे.”

*

क्वार्टर कोणी झाडून ठेवलं होतं. बाबांच्या टेबलाच्या वरच्या खणात खाकी लिफाफ्यांचा गठ्ठा होता, लाखेच्या दोन कांड्या, मेणबत्ती आणि ‘वि. पो.’ कोरलेला पितळी शिक्का. जणू कोणी मांडूनच ठेवलं होतं. बाहेर पाच वाजले होते, कोणीतरी अंगणातल्या नळावर बादली भरत होतं.

ऋजुताने दार लावून घेतलं. जुना लिफाफा नव्यावर ठेवून पाहिला. तोच आकार, तोच कागद. वर फक्त तारीख आणि बाबांची सही होती. ती काही नव्या लिफाफ्यावर येणार नव्हती, म्हणून तिने जुनाच घेतला, सुरीने तुटलेली लाख नखाने खरवडली आणि मेणबत्ती लावली. पहिला ठिपका वेडावाकडा पडला. तो काढून दुसरा टाकला, शिक्का दाबला आणि मनात वीस अंक मोजले. उचलला तेव्हा अक्षरं स्वच्छ उठली होती. बाबांना एवढं नीट कधी जमलं नसतं, त्यांची लाख नेहमी पसरायची.

ती खुर्चीवर बसून राहिली. हे खोटं नव्हतं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. यादी खरी होती, आकडा खरा होता, तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं. खोटा होता तो फक्त हा लाल ठिपका, रुपयाएवढा. आणि त्याच्या बदल्यात सदतीस वर्षं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खाली चौदा माणसं जमली. बाहेरून आलेले निरीक्षक प्रा. शेषाद्री अनेक वर्षं पुण्यात काढलेले होते आणि मोजूनमापून, पाठ्यपुस्तकी मराठी बोलत. विश्लेषण करणाऱ्यांत पुढे बसला होता तिशीतला हेमंत गभणे, मोहाडीचा. रीतीप्रमाणे एक साक्षीदार शास्त्रज्ञांपैकी नसावा लागे, म्हणून दाराशी टेकचंद, धुतलेल्या सदऱ्यात.

शेषाद्रींनी लिफाफा हातात घेतला, भिंगातून सील पाहिलं, उलट करून पाहिलं. “सील शाबूत आहे,” ते म्हणाले. “नोंद करा.”

हेमंतने वही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

“थांबा,” ऋजुता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“ते लिहू नका. हे सील मी काल संध्याकाळी लावलंय. आधीचं मी जुलैत फोडलं होतं, बाबा गेल्यावर. मला ते पत्र वाटलं.”

शेषाद्रींनी भिंग पुन्हा सीलवर धरलं.

“यादी तुम्ही पाहिली?” शेषाद्रींनी विचारलं.

“हो. काय आहे ते कळलं नाही. ओळी मोजल्या.”

“या तीन महिन्यांत इथल्या कोणाशी तुमचे बोलणे झाले?”

“मृणालताईंशी दोनदा. बाबांच्या पुस्तकांबद्दल. शिवाय या लिफाफ्याचा फोन. टेकचंदकाकांशी दोन-चारदा.”

“म्या तं फकस्त जेवली का म्हून इचारत होतो,” टेकचंद दारातून म्हणाला.

शेषाद्रींनी भिंग मिटून ठेवलं. “मला खेद आहे. माझा तुमच्यावर अविश्वास नाही. परंतु हे मला लिहावे लागेल.”

हेमंतने पेन टेबलावर ठेवलं. “मॅडम, एक विचारू?” तो ऋजुताला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “सहा वर्षं झाली मला इथे. घरचे म्हणतात, लग्न तेलाशीच कर. सील लागलं होतं, सरांनी पास केलं होतं. एक मिनिट गप्प राहिल्या असत्या तर कोणाचं काय गेलं असतं?”

“तुमचंच गेलं असतं,” ऋजुता म्हणाली. “तुम्ही उद्या याच्यावर नाव घालणार होता.”

“आमचं तर आताही गेलंच ना.”

तिने मान खाली घातली. मृणालताई उठल्या, कपाटातून एक जाड, कापडी बांधणीची वही काढली आणि टेबलावर ठेवली.

“आक्षेप आला तर राखणदाराची चिठ्ठी वाचायची, असा नियम आहे,” त्या म्हणाल्या. “मीठ टाकणाऱ्याने तो लिफाफा कोणाकडे दिला आणि त्याच माणसाला का निवडलं, ते लिहून घडी चिकटवून ठेवायचं असतं. मी ही वाचलेली नाही. शेषाद्री सर, घडी बघून घ्या.”

शेषाद्रींनी घडी पाहिली, मान हलवली. मृणालताईंनी पट्टीने ती सोडवली. आधी स्वतः वाचली. मग वही शेषाद्रींकडे सरकवली, पण त्यांनी ती परत त्यांच्याकडेच ढकलली. “आपण वाचा. त्यांचे अक्षर मला लागत नाही.”

मृणालताईंनी वाचलं.

“राखणदार : ऋजुता विनायक पोहरकर, माझी मुलगी. कारण : विज्ञानाशी संबंध नाही. कोशाच्या कार्यालयात चुका शोधण्याचे काम करते. लिफाफा ती उघडणार नाही, असे मी लिहू शकत नाही, कारण मी तिच्याशी पुरेसे बोललेलो नाही आणि तिला उत्सुकता असणारच. उघडलाच, तर ती सांगेल. हे मी लिहू शकतो.”

ऋजुताने डोळे मिटले नाहीत. समोरच्या फळ्यावरच्या आकड्याकडे ती बघत राहिली, पण तो आकडा तिला वाचता येत नव्हता.

टेकचंद म्हणाला, “साहेबाले ठाऊक होतं म्हणा.”

“पुरावा म्हणून याला किंमत नाही,” शेषाद्री हळूच म्हणाले. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. “तथापि ही चिठ्ठीही मी जोडणार आहे. आता लिफाफा उघडा. आलो आहोत तर पाहू या.”

हेमंतनेच तो उघडला. ओळी त्याला दोनदा मोजाव्या लागल्या. मग त्याने एकेक तारीख यंत्रात घातली आणि एकेक खोटी लुकलुक नोंदींमधून गळत गेली. एकोणीस ऑगस्टची गेली तेव्हा ऋजुताने ती जाताना पाहिली. शेवटी पडद्यावर १०८ उरले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हेमंत पडद्याजवळ जाऊन उभा राहिला, हात खिशात घालून, आणि पुष्कळ वेळ तिथेच होता.

वर येताना तो पिंजऱ्यात तिच्या शेजारी होता. अर्धी वाट तो बिल्ला बोटांत फिरवत राहिला.

“आहे मात्र खाली,” तो शेवटी म्हणाला. “जगाने मानो ना मानो. आपल्याला माहीत झालं.”

“हो.”

“पोहरकर सर मला म्हणायचे, गभण्या, जुनी ऊब आणि नवी ऊब हाताला सारखीच लागते. फरक फक्त मोजणाऱ्याला कळतो.” त्याने मान फिरवली. “मी मघाशी जरा जास्त बोललो.”

“नाही,” ऋजुता म्हणाली. “बरोबर बोललात.”

*

एक डिसेंबरला चिखलदोहची भट्टी सुरू झाली. मृणालताईंचा निरोप आला, की टाकं उजळून निघालंय, आता त्यात दुसरं काही दिसत नाही. पृथ्वीचा आवाज ऐकू येईल तो भट्टी इंधन बदलायला बंद असेल तेवढेच दिवस, वर्षातले पंचवीस. त्या हिशेबाने पुन्हा शंभर कण गोळा करायला नव्वद वर्षं लागतील. आम्ही सुरू केलंय, असंही त्यांनी लिहिलं होतं.

बेलझरीतून निघणारा प्रत्येक शोधनिबंध मराठीतही छापायचा, हा रिवाज विनायक पोहरकरांनीच पाडला होता. सातशे मीटर खाली काय चाललंय ते वरच्या गावाला वाचता यावं म्हणून. त्याचं मुद्रित डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऋजुताच्या टेबलावर आलं. वर चिठ्ठी होती, ‘तुझ्याखेरीज कोण तपासणार?’

मथळ्यात ‘शोध’ नव्हता, ‘संकेत’ होता. ती त्यावर क्षणभर थांबली आणि पुढे गेली. खाली नावांची रांग होती, वर्णक्रमाने. पोहरकर, वि. दि. यांच्या नावापुढे छोटा क्रूस होता आणि पानाच्या तळाशी बारीक टायपात त्याची ओळ, ‘† दिवंगत.’ तिच्याखाली दुसरी खूण आणि दुसरी तळटीप होती. ‘‡ मिठाच्या यादीचे सील नियोजित दिवसापूर्वी उघडले गेल्याचे आढळले.’

मृणालताईंनी जपून लिहिलं होतं. कोणी उघडलं ते त्यात नव्हतं.

ऋजुताने लाल पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं. ‘मिठाच्या यादीचे सील राखणदार ऋजुता विनायक पोहरकर यांनी जुलै महिन्यात उघडले होते. तसे त्यांनी स्वतः सांगितले.’

मग तिने पान थोडं लांब धरून पाहिलं. जुळणी करणाऱ्याने बाबांच्या आणि तिच्या तळटिपांमध्ये एक कोरी ओळ सोडली होती. तिथे तिने खूण केली, बाजूला ‘मध्ये जागा नको’ असं लिहिलं आणि मुद्रित परत पाठवलं.